मोटारीतील विजेचे काम आणि आपला कारागीर

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी साहजिकच लेणी, देवळे आणि ताम्रपट यांकडे वळते. त्यांत अयोग्य असे काही नाही. परंतु आपल्या वडीलधाऱ्या पिढीने ज्या कामावर संसार चालविले, ज्या कामाने त्यांच्या तळहातांना घट्टे पडले व डोळे अधू झाले, त्या कामाचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. काम करणाऱ्यास लिहावयास सवड नसते आणि लिहिणाऱ्याने ते काम केलेले नसते. अशा रीतीने एकेक विद्या तिच्या जाणत्या माणसाबरोबरच नाहीशी होते.

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा म्हणूनच आम्ही एक लहानसा विषय निवडला. मोटारीच्या विजेच्या कामास लागणारे सुटे भाग जेव्हा खेड्यापाड्यांत मिळत नसत, तेव्हा ते आपल्या कारागिरांनी घरच्या भट्टीवर आणि ऐरणीवर कसे तयार केले, त्यांत त्यांना काय साधले आणि चूक कोठे झाली, एवढेच येथे सांगावयाचे आहे. आम्ही यंत्रशास्त्रज्ञ नव्हे, संशोधकही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि खेड्यांतील मुलांना अंकगणित शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक, एवढीच आमची योग्यता. तथापि आमचा जन्म लोहाराच्या घरी झाला, लहानपणी भाता ओढण्याचे काम आमच्याकडे होते आणि पुढे जे सांगणार आहो त्यातील बराच भाग आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे.

पितळखोरे आणि वेरूळ

आमचे गाव पिशोर हे कन्नड तालुक्यात आहे. याच तालुक्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांपासूनची असल्याचे विद्वान मानतात. तेथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख कोरलेला आहे. कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने ही मूर्ती केली, असा त्याचा अर्थ. हिरण्यकार म्हणजे सोनार. ज्या काळी मूर्तिकार सहसा आपले नाव मागे ठेवीत नसे, त्या काळी दगडावर आपले नाव कोरणारा हा कारागीर मूळचा सोन्याचे काम करणारा होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

वेरूळचे दहावे लेणे आपणां सर्वांस पूज्य आहे. त्यास विश्वकर्म्याचे लेणे म्हणतात, आणि सुताराची झोपडी या नावानेही ते परिचित आहे. आत शिरून वर पाहिले म्हणजे छताला लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या दिसतात. त्या फासळ्या दगडाच्याच आहेत आणि छताचा भार त्यांच्यावर मुळीच नाही. पूर्वी जे काम लाकडात होत असे, तेच माप आणि तीच घडण शिल्प्याने दगडात उतरविली. आपले पूर्वज एका साहित्याला कधी बांधलेले नव्हते, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते. सोनार दगडाकडे गेला, सुताराची रीत दगडात गेली. साहित्य बदलले तरी माप आणि नजर हीच कारागिराची खरी शिदोरी. मोटारीची वीज आमच्या मुलुखात आली तेव्हा हीच शिदोरी पुन्हा उपयोगी पडली. आणि ती एके ठिकाणी अपुरीही पडली. ते कसे, हे पुढे येईल.

मोटारीत वीज कशी आली

कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थाने 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. त्या गाडीत वीज होती, परंतु ती केवळ इंजिनातील पेट्रोलची वाफ पेटविणाऱ्या ठिणगीपुरती. पुढे कित्येक वर्षे मोटारींचे दिवे तेलाचे किंवा कार्बाइडच्या वायूचे असत आणि इंजिन सुरू करण्यासाठी पुढून दांडा फिरवावा लागे. 1902 साली बॉश यांच्या कारखान्यातील होनोल्ड यांनी जास्त दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला व ठिणगीचे काम भरवशाचे झाले. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत तर चार कॉइली एका लाकडी पेटीत बसविलेल्या असत. म्हणजे सुताराचे काम मोटारीच्या विजेत प्रारंभापासूनच होते असे म्हणावयास हरकत नाही.

खरा पालट झाला तो 1912 साली. त्या वर्षीच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा सेल्फ बसविला. सेल्फ आला म्हणजे मोठी बॅटरी हवी, बॅटरी आली म्हणजे ती भरण्यास डायनॅमो हवा, आणि डायनॅमो आला म्हणजे कटआउट हवे. इंजिन सावकाश चालत असता डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो. त्या वेळी वाट उघडी राहिली तर बॅटरीची वीज उलट डायनॅमोत वाहून वाया जाते. ही वाट योग्य वेळी उघडणारा व मिटणारा द्वारपाल म्हणजे कटआउट. याप्रमाणे दिवे, भोंगा, सेल्फ, कॉइल यांना जोडणाऱ्या तारांचे एक जाळेच गाडीच्या अंगात पसरले. मनुष्याच्या देहात ज्याप्रमाणे शिरा, त्याप्रमाणे हे जाळे. शीर तुटली तर शरीर धट्टेकट्टे असूनही उपयोग नाही, हेच मोटारीच्या बाबतीतही खरे ठरले.

आमच्या मुलुखातील मोटार

आमचा भाग त्या काळी निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास. सडकेवरील वाहतूक संस्थानाच्या रेल्वे खात्याने 1932 साली हाती घेतली, तेव्हा सबंध राज्यात मिळून 27 बसगाड्या होत्या. खेड्यातील माणसाची मोटारीशी गाठ पडे ती एखाद्या जहागीरदाराच्या किंवा जिनिंगवाल्याच्या गाडीमुळे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली व पुष्कळ मोटारींच्या मागे लोणारी कोळशाच्या वायूच्या टाक्या बसल्या. त्या टाक्यांची दारे व शेगड्या दुरुस्त करण्यास लोहाराखेरीज दुसरा कोण होता? मोटारीची आणि लोहाराच्या भट्टीची जवळीक त्या वेळेपासून अधिक वाढली.

1945 साली युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक जीपा व मालमोटारी लिलावाने विकल्या गेल्या. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला, 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले. राज्ये बदलली, परंतु जुन्या गाड्या त्याच राहिल्या, आणि त्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मिळ होत गेले. याचे एक कारण असे की, देशात मोटारी तयार व्हाव्यात म्हणून सरकारने आयातीवर बंधने घातली. 1953 च्या जकात आयोगाच्या शिफारशीनंतर, केवळ परदेशी भाग जोडून गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना येथे स्थान राहिले नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी 1954 साली आपले काम येथून आवरले. त्यांच्या हजारो गाड्या मात्र रस्त्यावर होत्याच. आईबाप निघून जावेत आणि लेकरे मागे राहावीत, तशी त्या गाड्यांची गत झाली.

देशी उद्योग हळूहळू उभे राहत होते. बंगलोरला 1951 साली बॉशच्या सहकार्याने मायको कंपनी निघाली; मद्रासला 1961 साली लुकास-टीव्हीएस निघाली व डायनॅमो आणि सेल्फ देशातच होऊ लागले. परंतु तो माल नव्या गाड्यांसाठी असे. युद्धातील जीपेचा खटका किंवा जुन्या शेव्हरोलेच्या तारेचे टोक पिशोरसारख्या गावी कोण आणून देणार? तेव्हा जो भाग मिळत नाही तो करावयाचा, हा एकच मार्ग उरे.

हा मार्ग आमच्याच भागात निघाला असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चलच्चित्राचा कॅमेरा परदेशाहून न आणता कोल्हापुरातच सिद्ध केला व 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ हा बोलपट येण्यापूर्वीच्या काळातील मूकपट लोकांसमोर आला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळात ‘मीरा’ नावाची छोटी मोटारच स्वतः घडविली. ही मोठी माणसे होत व त्यांची नावे राहिली. आम्हांस सांगावयाचे आहे ते ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांच्याविषयी.

एका जीपेचे पाच कारागीर

1972 चा दुष्काळ वाचकांपैकी वृद्धांच्या स्मरणात असेलच. खडी फोडण्याच्या कामावर सारा गाव गेला आणि आमच्या वडिलांकडे पहारी व टिकाव यांना पाणी देण्याशिवाय दुसरे काम राहिले नाही. दुष्काळ सरल्यानंतर गावातील एका गृहस्थांनी लिलावातून हातोहात फिरलेली एक युद्धकालीन जीप विकत आणली. इंजिन ठीक होते, पण तारांचे कापडी वेष्टन उंदरांनी कुरतडले होते. दिव्यांचा खटका नाहीसा झाला होता आणि मागील मालकाने जागोजाग तारा पिळून वर चिंध्या बांधल्या होत्या. शहरातील एका वायरमनाने जी रक्कम सांगितली ती ऐकून ते गृहस्थ आमच्या दारी आले. वडील म्हणाले, “करून पाहू.” आम्ही त्या वेळी सातवीत होतो.

मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि विश्वज्ञ यांच्यापासून लोखंड, लाकूड, तांबे, दगड व सोने यांची पाच कामे चालत आली, असे आपण मानतो. त्या जीपेच्या कामात हे पाचही हात एकत्र आले, हे आम्हांस फार पुढे उमगले. त्या वेळी ती निव्वळ गरज होती.

लोखंडाचे काम वडिलांचे. तारा धरून ठेवणाऱ्या पकडी, बॅटरीची चौकट आणि दिव्यांची बैठक त्यांनी बैलगाडीच्या जुन्या धावेतून घडविली. तारांचे जूडगे बांधण्याची त्यांची युक्ती सांगण्याजोगी आहे. जीपेच्या आतील वळणे त्यांनी सुतळीने मोजली, ती एका लांब फळीवर खडूने काढली, वळणावळणावर खिळे ठोकले आणि त्या खिळ्यांमधून एकेक तार ओढून मग सर्वांवर सुताचा विळखा घातला. जूडगे फळीवरून काढून गाडीत ठेवले तेव्हा प्रत्येक टोक आपापल्या ठिकाणी बरोबर पोचले. मोटारींच्या तारांचे जूडगे तयार करणाऱ्या कारखान्यांत आजही फळीवर खुंट्या लावून हेच केले जाते, हे आम्ही पुढे पाहिले.

लाकडाचे काम आमच्या चुलत्यांचे. तारांची टोके एकत्र आणण्यास जी पट्टी लागते ती विद्युत्‌रोधक द्रव्याची हवी. कारखान्यात ती बेकेलाइटची करीत. चुलत्यांनी वाळलेल्या शिसवीची फळी घेतली व ती तापलेल्या मेणात, बुडबुडे येणे थांबेपर्यंत, ठेवली. लाकडातील ओल व हवा निघून त्या जागी मेण शिरले म्हणजे लाकूड पाणी पीत नाही, आणि ओल नाही तेथे वीज सहसा पाझरत नाही.

तांब्याचे काम ज्ञातीतील एका तांबटाने केले. तारेच्या टोकाला जी टोपी लागते ती बाजारात नव्हती. त्याने पेट्रोलच्या जुन्या तांब्याच्या नळीचे इंच-इंचाचे तुकडे केले, प्रत्येकाचे एक टोक ऐरणीवर चेपले, चेपलेल्या भागास भोक पाडले आणि उघड्या टोकात तार घालून कथिलाने झाळली. पितळेच्या पट्ट्या फुटक्या परातीच्या पत्र्यातून निघाल्या. तांब्यापेक्षा पितळ वीज वाहून नेण्यात पुष्कळच उणे, चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून पितळेची पट्टी तितक्या पटीने रुंद केली पाहिजे, हे त्या वेळी कोणास ठाऊक नव्हते. सुदैवाने परातीचा पत्रा भरपूर होता व पट्ट्या रुंदच झाल्या.

दगडाचे काम म्हटले तर वाचकांस आश्चर्य वाटेल. फ्यूज बसविण्यास अशी बैठक हवी की जी तापली तरी पेटणार नाही. विजेच्या प्रारंभीच्या काळात मोठमोठ्या वीजघरांचे फलक पाटीच्या दगडाचे करीत असत. आमच्या वडिलांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी घरात न जळणारा आणि पातळ दगड शोधला, तो निघाला आमची शाळेची पाटी. एका पाथरवटाने तिचे दोन तुकडे करून एकाला पाण्याची धार धरीत सामत्याने भोके पाडली. दुसरा तुकडा आमच्याकडे राहिला व त्यावर आम्ही पुढे वर्षभर गणिते केली.

राहिले सोन्याचे काम. कटआउटच्या ज्या दोन टिकल्या एकमेकींस लागतात व सुटतात, त्या चांदीच्या असतात. कारण चांदी उत्तम वाहक असून तिच्यावर येणारा काळा थरही तांब्याच्या गंजाइतकी विजेची वाट अडवीत नाही. जुन्या टिकल्या झिजून गेल्या होत्या. सोनाराने तुटक्या तोडीतील गुंजाभर चांदी घेऊन दोन टिकल्या केल्या व त्या मूळच्या पट्टीवर रिवेटाप्रमाणे ठोकून बसविल्या. आमच्या डोंगरातील कण्हदासाने दगड हाती घेतला होता. त्याच्याच व्यवसायातील या माणसाने मोटार हाती घेतली. दोन हजार वर्षांच्या अंतराने हिरण्यकाराचा हात पुन्हा परक्या कामात गेला.

जीप चालू झाली, दिवे लागले व गावाने कौतुक केले. परंतु पहिल्या पावसाळ्यात दिवे मंद होऊ लागले. टोप्या उघडून पाहिल्या तो सांधे हिरवे पडलेले. झाळताना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे जस्त विरघळविलेले तेजाब वापरले होते. भांड्याच्या कामात ते नंतर धुऊन निघते. तारेच्या पिळात ते आतच राहते आणि तांबे खात बसते. त्यावर उपाय राळेचा. राळ तापवून लावली असता कथील धरते आणि मागे खाणारे काही उरत नाही. सर्व टोप्या पुन्हा काढून राळेने झाळाव्या लागल्या.

मंद दिव्याचा हिशेब आम्ही पुढे शिकलो, तो तरुणांसाठी देतो. त्या जीपेची बॅटरी सहा व्होल्टची होती. 36 वॉटचा एक दिवा सहा व्होल्टवर 6 अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिवे 12 अँपिअर. सांध्यात केवळ एक दशांश ओहम अडथळा असला तरी 12 गुणिले एक दशांश, म्हणजे 1.2 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. सहामधील पाचवा हिस्सा गेला. हेच दिवे बारा व्होल्टवर असते तर प्रवाह 6 अँपिअर, तूट 0.6 व्होल्ट, म्हणजे अवघा विसावा हिस्सा. अमेरिकन मोटारी 1955 च्या सुमारास बारा व्होल्टकडे का वळल्या, याचे एक कारण या त्रैराशिकात आहे.

तुटण्यासाठी घडविलेली वस्तू

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगताना आजही आमची लेखणी अडखळते. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, कन्नडहून परतताना दिवेलागणीस जीपेच्या पुढील फळीखालून धूर निघू लागला. गाडीत मालक, त्यांचा लहान मुलगा आणि आमचे वडील होते. इंजिनाच्या व बसण्याच्या जागेमध्ये जो पत्रा असतो त्याच्या भोकातून तारांचे जूडगे जात होते. तेथे रबराची कडी हवी. ती सायकलीच्या ट्यूबची केली होती आणि इंजिनाच्या उष्णतेने ती कडक होऊन गळून पडली होती. पत्र्याच्या कडेने वेष्टन घासले, तार उघडी होऊन पत्र्यास लागली आणि बॅटरीची सारी वीज त्या वाटेने धावली. वेष्टनाने पेट घेतला. वडिलांनी मुलास बाहेर लोटले आणि बॅटरीची जाड तार उघड्या हाताने उपटून काढली. तार तापून लाल होण्याच्या बेतात होती. मुलास काही झाले नाही. वडिलांचा उजवा तळहात भाजला आणि दोन महिने त्यांना घण धरता आला नाही. त्या दोन महिन्यांत घर कसे चालले ते आमची आई जाणे.

येथे प्रश्न असा की, फ्यूज असताना हे घडले कसे? फ्यूज होता; पाटीवर नीट बसविलेलाही होता. परंतु तो वडिलांनी पितळेच्या पट्टीचा, चांगला भक्कम केला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी लावलेली बारीक तार दोनदा वितळली, तेव्हा ‘हे काम टिकाऊ नाही’ असे समजून त्यांनी ती काढून टाकली व पट्टी बसविली. त्यांची सारी हयात वस्तू मजबूत करण्यात गेली होती. नांगराचा फाळ वाकू नये, धाव निखळू नये, कुऱ्हाडीचे पाते उडू नये. जी वस्तू तुटत नाही ती चांगली, ही त्यांच्या धंद्याची पहिली शिकवण. मोटारीत मात्र एक भाग असा निघाला की जो वेळेवर तुटला तरच चांगला. फ्यूजचे सारे मोल त्याच्या दुबळेपणात आहे. ब्रेगे या फ्रेंच गृहस्थाने 1847 साली तारयंत्राच्या रक्षणासाठी मुद्दाम बारीक तार सुचविली होती, आणि एडिसनने 1890 साली अशा रक्षक तारेचे पेटंट घेतले. परंतु ही कल्पना आमच्या भट्टीपर्यंत पोचविणारा कोणी नव्हता. ती बारीक तार दोनदा वितळली ते तिचे अपयश नव्हते. कोठेतरी प्रवाह जास्त होत आहे, हे ती सांगत होती. आम्ही सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले.

हात बरा झाल्यावर वडील त्या पाटीसमोर बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “आजवर तुटलेलं जोडत आलो. तुटावं म्हणून काही करायची वेळ आली नव्हती.” नुकसानीचे पैसे मालकांनी मागितले नाहीत. तरीही वडिलांनी ती जीप पुन्हा पहिल्यापासून विनामूल्य करून दिली. या खेपेस भोकात जाड चामड्याची कडी आली, तारा चामड्याच्या नळीतून गेल्या आणि प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज मिळाला. फ्यूजसाठी मऊ विजेच्या दोरीतील केसासारख्या तारा घेतल्या. तांब्याची पाव मिलिमीटरहून किंचित बारीक, म्हणजे 0.2 मिलिमीटर जाडीची तार सुमारे सात अँपिअरला वितळते. असे कोष्टक वडिलांजवळ नव्हते. त्यांनी आपली रीत काढली. ज्या दोरीतून फ्यूजची तार घ्यावयाची तिचाच एक तुकडा ते आधी बॅटरीवर जाळून पाहत. तो तत्काळ वितळला तरच त्याचे भावंड गाडीत बसे. त्यानंतर त्यांनी आसपासच्या अनेक गाड्यांचे व पाण्याच्या इंजिनांचे काम केले, परंतु ही परीक्षा एकदाही चुकविली नाही.

आम्ही दहावीत ओहमचा नियम शिकलो तेव्हा त्या उरलेल्या पाटीच्या तुकड्यावर जीपेचा सारा हिशेब मांडून वडिलांना दाखविला. अक्षरे त्यांना थोडी येत, आकडे चांगले येत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, “हे आधी कुणी का सांगितलं नाही?” या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही शिक्षकाचा पेशा पत्करला, त्यात या प्रश्नाचा वाटा मोठा आहे.

आजच्या पिढीस विनंती

आता काळ पुष्कळ पुढे गेला आहे. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याभोवती सुट्या भागांच्या कारखान्यांची वसाहत वाढली. एसटीच्या गाड्या बांधणारी मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्यास आहेच. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुले या ठिकाणी कामास आहेत. जे भाग आपल्या बापआज्यांनी परात आणि पाटी फोडून केले, ते आज दुकानात पाकिटात मिळतात. फ्यूजसुद्धा रंगावरून ओळखतात. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. तेव्हा घरी भाग करण्याची गरज उरली नाही, आणि ती उरावी असे आमचे म्हणणेही नाही. गरजेपोटी केलेल्या गोष्टीचा सोहळा करू नये.

परंतु दोन गोष्टी आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. पहिली ही की, या हातकामास हल्ली ‘जुगाड’ म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत पडली आहे. मेणात उकळलेली शिसवी, राळेने झाळलेली टोपी व चांदीची टिकली यांत जुगाड काही नाही. प्रत्येकाच्या मागे साहित्याचा गुण ओळखणारी नजर आहे. जुगाड होता तो एकच, पितळेच्या पट्टीचा. आणि त्याचे प्रायश्चित्त आमच्या वडिलांच्या तळहाताने घेतले. आजही फ्यूज उडाला की त्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार कोंबणारे तरुण आम्ही पाहतो. त्यांच्यापाशी दुकान आहे, कोष्टक आहे, शिक्षण आहे; तरी ते तीच चूक करितात. अडाण्याची चूक क्षम्य असते, शिकलेल्याची नसते.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. कण्हदासाचे नाव आपणांस ठाऊक आहे ते त्याने ते कोरले म्हणून. त्या जीपेच्या पाच कारागिरांपैकी आज कोणी हयात नाही. त्यांच्या हातच्या वस्तू भंगारात गेल्या, त्यांची मापे त्यांच्याबरोबर गेली. ज्यांच्या घरी असे जाणते वडील अद्याप आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसावे, कोणते साहित्य, किती माप, काय साधले व काय फसले हे विचारून वहीत उतरवून घ्यावे. फसलेले तर अगत्याने लिहावे. कारण साधलेले काम डोळ्यांना दिसते, फसलेल्याचे कारण मात्र सांगितल्याशिवाय कोणास कळत नाही. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा चार-दोन वह्यांतील मजकूर आला तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

पाटीचा तो अर्धा तुकडा आमच्या घरी अजून आहे. त्यावरील गणित केव्हाच पुसले गेले. त्याचा दुसरा अर्धा, पाच भोकांचा, ती जीप मोडीत निघाली तेव्हा मालकांच्या त्याच मुलाने आठवणीने काढून आमच्या हाती आणून दिला. दोन्ही तुकडे आम्ही शेजारी शेजारी ठेवले आहेत; ज्ञातिबांधवांपैकी कोणी पिशोरास आले तर त्यांनी ते अवश्य पाहावेत.